खोक्यांचं थेटर

हिवरदऱ्याच्या भैरोबाची जत्रा चैत्रात भरते. त्या साली फड रंगात आला होता, नाचणारीनं पदर खोचून पहिली ओळ नुकती उचलली होती, आणि भामचंद्राच्या डोंगराकडून वारा सुटला. वाऱ्यामागं गारा आल्या. कोंडीराम सुतारानं दोन दिवस खपून उभा केलेला मांडव आधी एका अंगाला कलला, मग दुसऱ्या अंगाला, आणि काय होतंय ते कळायच्या आत बाईसकट, ढोलकीवाल्यासकट, सरपंचाच्या लोडतक्क्यासकट सगळं खाली बसलं.

मेलं कोणी नाही. सोंगाड्याच्या डोक्याला टेंगूळ आलं, ढोलकी फुटली, फडाचा मालक शिव्या देत रातोरात गाड्या जुंपून निघून गेला. पण गावाला खरा घाव दुसरा बसला. गारा सुरू झाल्या तसे बापये देवळाच्या सभामंडपात घुसले. सभामंडप केवढा, तर दोन बैलगाड्या उभ्या राहतील एवढा. बायका पोरांना पोटाशी धरून बाहेरच राहिल्या. तानाबाईच्या कपाळावर गार बसली नि रक्त आलं. तानाबाई सरपंचाची आत्या. तरणेपणी नवरा गेला तशी माहेरी आली होती, आणि तिच्या तोंडाला भाऊबंद काय, भैरोबाचा पुजारीही टरकून असे. ती तशीच देवळाच्या पायरीवर चढली.

"बसा, राजानु, बसा," ती म्हणाली. "कोरडं बसा. बांगड्या आमच्याकडं हायेत, त्या देते धाडून."

कोंडीराम तेव्हा पडलेल्या मांडवाखालून दोर सोडवत होता. कुणीतरी मागून म्हणालं, "सुताराला उतरून ठेवायची घाई बघा!" आणि गारांतही लोक हसले. त्यानं मान वर केली नाही. पन्नाशीकडं झुकलेला, खांद्यानं रुंद, बोलण्यात कमी माणूस. नांगर, कुळव, पाभर, गाडीची चाकं, पाळणे, तिरड्यासुद्धा, सगळं त्याच्या हातचं. आणि आता बारकी पोरं त्याला बघितलं की दोन्ही हात वर करून हळूहळू खाली बसायची नि खिदळत पळायची.

पंधरवड्यानं देवळापुढं बैठक बसली. सरपंच मुरारीअण्णा म्हणाला, "आत्यानं माझं जिणं मुश्कील केलंय. गावाला पक्कं, छपराचं घर पायजे. समदं गाव मावंल आसं."

इथवर सगळ्यांचं एकमत झालं, आणि इथंच ते संपलं. मास्तरला शाळा हवी होती. पोरं देवळात बसत, नि घंटा वाजली की पाढे मोडत. भजनकऱ्यांना पखवाज घुमेल अशी जागा हवी होती. तालमीच्या पोरांना तांबडी माती हवी होती, तमाशाच्या शौकिनांना चौरंगासारखा उंच मंच. लग्नं लावायला जागा हवी, आणि सुगीत धान्य पडलं तर तेही आत घ्यायला हवं.

"एका घरात इतकं कसं बसायचं?" मास्तरनं विचारलं.

"एका पोटात न्हाई का बसत?" तानाबाई म्हणाली. "आणि बायांना बसून दिसलं पायजे. पुरुषांच्या पटक्यांच्या मागं बसून आमी जल्मभर नुसता तमाशा ऐकलाय. नाचणारीचं पाऊल आजून पाह्यलं न्हाई."

मुरारीअण्णा म्हणाला, पुण्याहून मिस्तरी आणू. तेव्हा मागं उकिडवा बसलेला कोंडीराम उठला. घसा खाकरून म्हणाला, "अण्णा, म्या करतो."

हसू फुटलंच. अण्णानंही मिशीआड हसून घेतलं. पण पुण्याचा मिस्तरी काय मागेल याची धास्ती त्यालाही होती. "कर बाबा," तो म्हणाला, "पण आदी दाव कसं करनार ते."

कोंडीरामला कागदावर रेघ ओढायची सवय नव्हती. त्यानं परसातली ज्वारीची चिपाडं घेतली, बाभळीचे काटे घेतले नि ओसरीवर बसला. लहानपणी चिपाडाच्या गाड्या करायचा, तसंच आता घर करायला लागला. सरुबाई, त्याची बायको, चुलीपुढून बघायची. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "अवं, मधला खांब काढा. त्याच्यामागं कोण बसनार? माझी आय?"

"खांब काढला तर आढं कशावर ऱ्हाईल?"

"ते मला काय ठावं? सुतार तुमी."

खांब राहिला. चिपाडाचं घर घेऊन तो बैठकीला गेला, पारावर ठेवलं, आणि गावानं खरंच कौतुकानं बघितलं. कवाडं उघडत होती, मंच निघत होता. कुणीतरी त्याला थेटर म्हणालं, नि तेच नाव चिकटलं. भांडणं नव्या जोमानं लागली. दार पूर्वेला की उत्तरेला यावर दोघं धोतर सावरत उठले, आणि त्या गडबडीत मुरारीअण्णाचा सुटलेला बैल पाराजवळ आला. कुणाचं लक्ष जाईपर्यंत शाळा, तालीम आणि निम्मा मंच त्यानं काट्यांसकट चघळला होता. "पास झालं!" मास्तर ओरडला, "सरपंचाच्या बैलानं पास केलं!" त्या दिवशी कोंडीरामलाही हसू आवरेना. घरी येऊन त्यानं सरुबाईला सांगितलं, तर ती पदर तोंडात धरून इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली.

पण लाकूड कुठं होतं? सागाची तुळई गावाच्या ऐपतीबाहेरची. बाभळीचं लाकूड औताला ठीक, पण लांबीला येत नाही. मृगाआधी औतं भरायची घाई आली. माणसं मोडकी पाभर आणून कोंडीरामच्या दारात आपटायची नि म्हणायची, "आदी पाभर, मग थेटर." वाकस चालवून त्याच्या मनगटाला सूज आली. सरुबाई रात्री निर्गुडीचा पाला गरम करून बांधायची. पावसाळा गेला, बाजरी निघाली, आणि थेटराचं नाव कुणी काढेनासं झालं.

दसरा झाल्यावर चाकणहून वजीर आला. चाकणच्या पेठेत त्याची लाकडाची वखार होती. हिवरदऱ्याच्या जत्रेत दरसाल ढोलकी घ्यायचा, हात असा की फडवालेही मान डोलवत. सायकल भिंतीला टेकवून तो ओसरीवर बसला नि पाण्याचा तांब्या एका दमात संपवला.

"कोंडीभाऊ, पिंपरीला औषधाचा सरकारी कारखाना उभा राहतोय, ठावं हाय ना? परमुलखातून मशिनी येत्यात. मशीन येतं खोक्यात. खोकं केवढं? तुझ्या घराएवढं. मशीन काढलं की खोकं पडून. रचायला जागा उरली न्हाई त्यांना. सायेब म्हनतो, ज्याला न्यायचं त्यानं न्यावं, पन जागा मोकळी करावी."

"फुकट?"

"खुदा कसम. गाड्या तेवढ्या आपल्या."

दुसऱ्याच आठवड्यात गावातल्या झाडून साऱ्या गाड्या जुंपल्या. पहाटे घुंगरं बांधून निघाल्या त्या मोशीला इंद्रायणी उतरून, भोसरीवरून, दिवस मावळायच्या आत पिंपरीला पोचल्या. मोकळ्या माळावर लोखंडाचे सांगाडे उभे होते, माणसं मुंग्यांसारखी चढत उतरत होती. आणि कुंपणाशी खोक्यांचा डोंगर. पांढरं, हलकं, देवदाराचं लाकूड. राळेचा वास असा, की कोंडीरामनं फळीवर नाकच टेकवलं. मग त्यानं बोटं पसरून फळी मापली, आणि त्याचा चेहरा उतरला.

सगळ्या फळ्या आखूड होत्या. कुठली हातभर, कुठली दोन हात. लांब म्हणावं असं एकही लाकूड नव्हतं.

"चुकलं माझं, कोंडीभाऊ," वजीर कान धरून म्हणाला, "पाह्यलंच न्हाई म्या. खोकं मोठं दिसलं, वाटलं फळीबी मोठी असंल."

गाड्या रिकाम्या न्यायच्या म्हणजे आणखी हसं. त्या भरल्या. परतीच्या वाटेवर कोंडीराम गाडीच्या शेवटाला पाय सोडून बसला होता. भोसरीच्या चढाला एक दुसऱ्या गावचा गाडीवान ओरडला, "काय पाव्हनं, सरपन का?" आणि हिवरदऱ्याच्या गाडीवानांतूनच कुणीतरी उत्तर दिलं, "न्हाई, थेटर!" मुरारीअण्णानं गावात खोकी उतरताना बघितली नि एवढंच म्हणाला, "सुतारा, होळीला सोय झाली."

चार दिवस कोंडीराम घराबाहेर पडला नाही. सरुबाईनं जोंधळे दळून डबा भरला, त्याच्यापुढं कोरडी भाकरी, ठेचा बांधून ठेवला. म्हणाली, "जावा पिंपरीला."

"कशापाई?"

"त्या कारखान्यात लाकूडकाम करनारी मानसं असत्याल की. इचारा त्यास्नी. इचारल्यानं कुणाचं नाक कापत न्हाई. आणि घरात बसून माझं डोकं खाऊ नगा."

तो चालत गेला. खोकी फोडायच्या जागी एक काळा, किडकिडीत, दाढीवाला माणूस पहार घालून फळ्या उचकटत होता. नाव इकबाल. दापोलीकडचा, समुद्रकाठचा. सात पिढ्या होड्या बांधणारे. होड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही, म्हणून पोटासाठी घाट चढून आलेला. पत्र्याच्या झोपडीत राहायचा, भात शिजवायचा नि सुक्या बोंबलासाठी झुरायचा. कोंडीरामनं आपली अडचण सांगितली, तशी तो पहार टाकून उठला.

"आखूड? कोन बोलतो आखूड?" तो म्हणाला. "ह्यां होडीचां लाकूड हाय बाबा. होडीला कुठां लांब फळी लागते? बघ."

त्यानं जमिनीवरच दोन आखूड फळ्या टोकाला टोक लावून ठेवल्या, जराशा कोनात. सांध्यावर मधोमध तिसरी ठेवली. तिच्या टोकाशी चौथी. खिळे मारले. पुन्हा पुढं. बघता बघता जमिनीवर एक वाकडी फासळी तयार झाली, माणसाच्या दुप्पट लांबीची, आणि उचलली तर ताठ.

"असल्या फासळ्या दोन अंगांनी उभ्या केल्यास नि वर माथ्याला जोडल्यास, काय झालां?"

कोंडीरामनं दोन्ही हातांची बोटं माथ्याला जुळवून बघितली. मग हळूच म्हणाला, "उलटी होडी."

"उलटी होडी," इकबाल खुशीत म्हणाला. "आणि खांब नाय मधी. होडीत काय खांब असतो?"

कोंडीरामनं त्याला मिठीच मारली. इकबाल राळेनं चिकट झालेला, कोंडीराम घामानं. दोघं वेगळं व्हायला जरा वेळच लागला.

पुढं दर रविवारी इकबाल हिवरदऱ्याला येऊ लागला. सरुबाईनं वजीरच्या बायकोला, शहाजादीला, सांगून चाकणच्या बाजारातून सुके बोंबील आणवले. घरात पहिल्यांदाच तो वास घुमला. नाकाला पदर लावून तिनं ते परसातल्या चुलीवर भाजून दिले, आणि इकबालनं डोळे मिटून खाल्ले. बोटं चाटत म्हणाला, "वहिनी, आता राजवाडा सांग, बांधतो."

देवळाशेजारी गायरानाचा तुकडा होता, तिथं जोतं आखलं. कमरेएवढ्या दगडी भिंती घातल्या. पण खिळे? विकत आणायचे तर गाव गहाण टाकावं लागलं असतं. खोक्यांतूनच ते निघत होते, सगळे वाकडे. तानाबाईनं बायकांना हाक दिली. दुपारचं काम आटपलं की वडाखाली बायका बसत, पुढ्यात एक दगड, हातात एक दगड, आणि ठोकून ठोकून खिळे सरळ करत. पहिल्या दिवशी निम्म्या बायकांची बोटं ठेचली. नंतर हात बसला. टकटक अशी चालायची की लांबून येणाऱ्याला वाटावं, जात्याला टाकी लावणारे आलेत. आणि टकटकीच्या ठेक्यावर एकीनं ओवी धरायची नि बाकीच्यांनी झेलायची. बापये जवळून गेले की आवाज बंद पडे, लांब गेले की पुन्हा सुरू. कोंडीरामला ते ऐकू यायचं. सरुबाईचा आवाज त्यात ओळखू यायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी तिचा आवाज त्यानं पहाटेच्या जात्यावर, अर्धवट झोपेतच ऐकला होता. त्याला वाटे जवळ जाऊन ऐकावा, पण गेलं की थांबणार, म्हणून तो रंधा हळू मारायचा.

पौषात पहिल्या फासळ्या उभ्या राहिल्या. तालमीची पोरं दोराला लागली, वजीर ढोलकी घेऊन जोत्यावर बसला आणि "हैया" म्हणत सारं गाव ओढायला लागलं. पांढरी फासळी उठत उठत आभाळात गेली, समोरून दुसरी आली, माथ्याला दोन्ही भेटल्या. इकबाल वर चढून सांधा ठोकत होता. खाली बायकांनी नकळत हात जोडले. एकामागं एक फासळ्या लागल्या. वरून आडव्या पट्ट्या ठोकून झाल्या, आणि कुंभारानं नळीची कौलं चढवायला घेतली.

एक अंग निम्मं झालं असेल. कोंडीराम आत उभा होता. आधी त्याला पायात जाणवलं, मग आवाज आला. कट्. जोत्याचा दगड सरकल्याचा. फासळ्यांचे पाय भिंतीला बाहेर ढकलत होते. भिंत बोटभर कलली होती.

"उतरा! खाली उतरा!" तो ओरडला. कुंभार कौलं टाकून उड्या मारत खाली आला. माणसं पांगली. कौलं फुटली, पण सांगाडा उभा राहिला, बाहेर झुकलेला, एखाद्या दमलेल्या बैलानं पाय फाकवावेत तसा. कोंडीराम जोत्यावर खाली बसला. कडेला बारक्या पोरांनी पुन्हा हात वर करून हळूहळू खाली बसायला सुरुवात केली होती, आणि त्यानं त्यांना हाकललंही नाही.

"होडी पान्यात असते ना," इकबाल खालच्या आवाजात म्हणाला, "पानी तिला भायेरनं दाबून धरतां. हितां कोन धरनार? माझ्या डोक्यातच नाय आलां, कोंडीभाऊ."

मुरारीअण्णा मात्र ओरडला नाही. ते जास्त लागलं. "मधी खांबांच्या दोन रांगा घाल," तो म्हणाला, "आनि मोकळा हो. पुन्याचा मिस्तरीबी तेच सांगंल."

"खांब घातल्यावर मागच्याला काय दिसंल, अण्णा?"

"मागच्यानं ऐकावं."

कोंडीरामनं कौलं उतरवून घेतली. दुसऱ्या दिवशी सरुबाईला अण्णाच्याच रानात जायचं होतं, डोंगराच्या उतारावरची ताल पावसात फुटली होती, ती बांधायला. ताल म्हणजे उतारावर माती अडवायला घातलेला दगडांचा बांध, ना चुना ना चिखल, नुसता दगडावर दगड. "चला," ती नवऱ्याला म्हणाली, "घरात नुसतं भितीकडं बगण्यापरास दगड उचला."

तो गेला. ऊन चढेपर्यंत दोघं दगड लावत राहिली. खाली मोठे, वर बारके, आणि प्रत्येक थर डोंगराकडं जरासा कललेला, तशीच रीत. कोंडीरामनं कमरेवर हात ठेवून पाठ ताठ केली, नि वर बघितलं. एकावर एक, तालीमागं ताल, थेट माथ्यापर्यंत. त्याच्या बापाच्या बापाच्या आधीच्या लोकांनी घातलेल्या.

"एवढा डोंगर," तो स्वतःशीच म्हणाला, "एवढ्या दगडांनी धरलाय."

सरुबाई पुढचा दगड हातात तोलत होती. "डोंगर धरत्यात," ती म्हणाली, "मग तुमचं थेटर धराया काय धाड भरलीया?"

त्यानं वाकून दगड उचलला नि पुन्हा तालीकडं बघितलं. हातातला दगड त्याच्या पायावर पडला. तो एका पायावर नाचला, मग दोन्ही पायांवर नाचायला लागला. लांबून बांधावरच्या बायकांना वाटलं, सुताराला इंचू चावला.

रविवारी इकबालला त्यानं सांगितलं. "पान्यानं करायचं ते काम हितं दगडानं करायचं. भितीच्या भायेरनं दोन्ही अंगाला ताल घालू. आतल्या अंगाला कललेली." इकबाल दाढी कुरवाळत सारा सांगाडा फिरून आला. "घाल," तो म्हणाला. "पन जड घाल."

ओढ्यातून दगड निघाले. गाव आधी कुरकुरलं, मग एक एक करून आलं. तालमीच्या पोरांत पैज लागली, कोण मोठा धोंडा उचलतो. महारवाड्यातले बापये, बाया आले. रामोशी आले. मास्तरनं शाळाच ओढ्यावर नेली. भिंती दोरानं ओढून पुन्हा ओळंब्यात घेतल्या, नि बाहेरून ताल चढत गेली. काम निम्म्यावर आलं तेव्हा मुरारीअण्णानं, जरा घोटाळत, आत्यालाच विचारलं, "आत्या, देवळात ज्याची त्याची जागा ठरल्याली हाय. हितं आत बसायचं कसं?"

तानाबाईच्या डोक्यावर दगडाची पाटी होती. ती खाली न ठेवता म्हणाली, "दगूड उचलताना इचारलंस का रं कोन कुठला? ज्याची मान आखूड त्यानं फुडं बसावं. सरक, माझी मान मोडाया लागली."

तिथं उभे होते ते हसले, काही जण हसले नाहीत. पण पाटी अण्णानं उतरून घेतली, आणि तो विषय नंतर बैठकीत कुणी आणला नाही.

पायाची उरलेली माती आतच टाकली, मागच्या बाजूला जास्त, मंचाकडं कमी. तशी जमीन मंचापासून मागं चढत गेली. बायकांनी धुमसानं ती ठोकली, शेणानं सारवली, आणि तानाबाई थेट मागच्या भिंतीपाशी जाऊन बसली. "आता कुनीतरी नाचा रं," ती म्हणाली. वजीर पुढं गेला नि कमरेवर हात ठेवून ठुमकला. "पाऊल दिसतंय!" तानाबाई ओरडली. मंचासाठी कोंडीरामनं मोठी खोकी न मोडता तशीच ठेवली होती. सगळी एकत्र लावली की मंच, सुटी केली की शाळेची बाकं, एकावर एक रचली की धान्याची कोठारं. तालमीला मात्र आत जागा मिळाली नाही. पोरं रुसली. पण बाहेरच्या तालीच्या सावलीत त्यांनी माती आणून टाकली, आणि ताल ही बघणाऱ्यांना बसायला ओटाच झाली, तेव्हा त्यांचा राग गेला.

कौलं पुन्हा चढली. या वेळी कोंडीराम आत उभा राहिला तो एकटाच. बाकीच्यांना त्यानं लांब उभं केलं होतं. शेवटचं कौल बसलं. त्यानं तळवा फासळीच्या पायाशी लावून धरला, किती वेळ कुणास ठाऊक. मग बाहेर आला आणि म्हणाला, "उभं हाय."

जत्रा आली. फड ठरला होता, सांजेला यायचा होता. उन्हं कलायच्या आतच थेटर भरून गेलं. चाकणहून, खराबवाडीहून माणसं आली. शहाजादी पोरीबाळी घेऊन आली. इकबाल धुतलेला सदरा घालून दाराशी उभा होता नि येणाऱ्या जाणाऱ्याला फासळ्या मोजून दाखवत होता. बाया या खेपेला मधोमध बसल्या होत्या, पोरं मांडीवर घेऊन. ग्यासबत्त्या टांगल्या, पांढऱ्या लाकडावर पिवळा उजेड पसरला, नि छपराकडं बघून लोक आपोआप हळू बोलायला लागले.

फड मात्र येईना. दिवस बुडाला तरी नाही. सायकलवरून गेलेला माणूस सांगत आला, इंद्रायणीच्या पात्रात गाडीचा आख मोडलाय, निघेल तेव्हा निघेल. मुरारीअण्णा मंचावर उभा राहून हात चोळत होता. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. कोंडीराम अगदी शेवटी, दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. घर उभं राहिलं, आणि आता मंच रिकामा म्हणून गाव पुन्हा हसणार.

"सरक," आवाज आला. तानाबाई मंचावर चढली होती. मागोमाग आणखी दोघी, मग वडाखाली बसणाऱ्या सगळ्याच. तिनं अण्णाला खाली पाठवलं, मंचावर मांडी घातली, पुढ्यातल्या खोक्यावर दोन दगड ठेवले आणि ठोकायला सुरुवात केली. टक, टक. बाकीच्यांनीही पदरातून दगड काढले. शिट्ट्या थांबल्या. बापयांसमोर बाया कधी गायल्या नव्हत्या. तानाबाईचा म्हातारा, खरखरीत आवाज उठला.

*पहिली माझी ओवी गं, खोक्याच्या फळीची*
*परमुलखाहून आली, झाली माझ्या आळीची*

साऱ्या बायांनी ती झेलली. आवाज फासळ्यांवर चढला, माथ्याला जाऊन भेटला आणि खाली मागच्या माणसापर्यंत आला, जसाच्या तसा. वजीर जागेवरून हलला, मंचाच्या कडेला जाऊन ढोलकी मांडीवर घेतली, आणि अगदी हलक्या बोटांनी दगडांच्या ठेक्यात मिसळला.

*दुसरी माझी ओवी गं, वाकड्या खिळ्याची*
*ठोकून सरळ केली, खोड जन्माची त्याची*

हशा असा फुटला की कबुतरं उडाली. कैक नवऱ्यांनी माना खाली घातल्या. मग तानाबाईनं शेजारणीला कोपरानं ढोसलं. सरुबाई नको नको म्हणत होती. पदर डोक्यावरून पुढं ओढत होती. दगड मात्र तिचे थांबत नव्हते. तिनं डोळे मिटले, आणि जात्यावर बसल्यासारखी जराशी पुढं झुकली.

*तिसरी माझी ओवी गं, गावाच्या या घराला*
*कोंडीरामाचं नाव घेते, ऐकू जाऊ दे दाराला*

दाराशी ऐकू आलं. सारं गाव वळून दाराकडं बघायला लागलं, आणि कोंडीरामला कुठं बघावं कळेना. त्यानं पटका सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा सोडला. इकबालनं त्याच्या पाठीत असा गुद्दा घातला की तो दोन पावलं पुढं गेला. पुढं मुरारीअण्णा उभ्यानं टाळ्या वाजवत होता, आणि बायांनी चौथी ओवी कधी धरली ते गोंधळात कुणाला कळलंसुद्धा नाही. ओव्या संपेनात. खराबवाडीच्या बाया मंचावर चढल्या, शहाजादीला वर ओढलं, तिनं मोहरमची एक चाल धरली, तीही वजीरनं उचलली.

असं बराच वेळ चाललं होतं, तेव्हा कोंडीरामच्या खांद्याला मागून कुणीतरी हात लावला. फडाचा मालक होता, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला. त्याच्यामागं नाचणाऱ्या, सोंगाड्या, ढोलकीवाला, पेट्या. मालकानं छपराकडं बघितलं, मंचाकडं बघितलं, आणि हळूच विचारलं, "आमी यायचं कवा?"

कोंडीरामनं पुढं निरोप धाडला. तो तोंडातोंडी अण्णापर्यंत गेला. अण्णा मंचाशी वाकून म्हणाला, "आत्या, आता उतरा. फड आलाय."

तानाबाईनं मान वर करून दाराकडं बघितलं. हातातले दगड चालूच होते.

"आलाय तर बसवा त्यास्नी," ती म्हणाली. "मागं जागा हाय. समदं दिसतंय तिथनं."